मागचा दिवा बंद आहे!



२०२२ सालच्या थंडीत आम्ही दोघं नवराबायको आठ दिवस बहरीनला जाऊन आलो. तेव्हा तेल अवीवहून मनामाला थेट विमानं होती. मनामाचं जुनं सिनेगॉग पाहायचं मनात होतं, ते पाहिलं. बाजारात फिरलो, खजूर घेतले, समुद्राकाठी बसलो. त्या सगळ्याचं वर्णन पुन्हा कधीतरी करू. आज लिहायचं आहे ते अस्कर नावाच्या गावाजवळ रस्त्यावर घडलेल्या तीन मिनिटांबद्दल. तीनच मिनिटं, पण आमच्या डोक्यातून ती अजून जात नाहीत.

अस्कर हे बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव, मनामाच्या दक्षिणेला. मूळचं मासेमारी करणाऱ्यांचं. आता तिथे अल्बाचा अवाढव्य अॅल्युमिनियमचा कारखाना आहे. १९७१ साली त्याचं उत्पादन सुरू झालं. आजूबाजूला गॅरेजं, गोदामं आणि कामगारांच्या राहण्याच्या चाळी. हिंदुस्थानी, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी, सगळे तिथे भेटतात. आणि कोकणी माणूस कुठे नाही? आमच्या रेवदंड्याच्या शेजारणीचा नातू तिथे ड्रायव्हर आहे. ती माउली आम्हाला लहानपणी ताजी मासळी आणून द्यायची, आणि तुम्हाला खवल्यांचीच चालते ना गं, असं म्हणून निवडून द्यायची. तिचा नातू आम्हाला भेटायला हॉटेलवर आला आणि म्हणाला, "आजी, आजोबा, आज माझ्या खोलीवर जेवायला चला. सुरमई आणली आहे."

पोटभर जेवलो. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण. परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. गाडी मालकाची, पिकअप. कारखान्याच्या बाजूच्या रस्त्यावर मागून पोलिसांच्या गाडीचे दिवे लुकलुकले.

त्या मुलाने काय केलं ते नीट सांगतो. त्याने गाडी सावकाश कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आतला दिवा लावला, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर वर, दिसतील असे ठेवले. मग ओठ न हलवता म्हणाला, "आजी, काही बोलू नका. पर्स उघडू नका."

पोलीस तरुण होता. सलाम केला. लायसन पाहिलं, गाडीचे कागद पाहिले, मागे बसलेल्या आम्हा म्हाताऱ्यांकडे पाहिलं. मग हिंदीत म्हणाला, मागचा दिवा बंद आहे, उद्या दुरुस्त करून घे. दंडसुद्धा केला नाही. झालं. गेला.

मुलाने गाडी सुरू केली नाही. त्याचे हात थरथरत होते. आमचा चाळीस वर्षांचा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. नाडी १२४! धावून आलेल्या माणसाची असते तशी.

"अरे, एवढं काय झालं? किती नीट बोलला तो," आम्ही म्हटलं.

"नीटच बोलला आजी. दंड झाला असता तरी भरला असता. पण काही भलतं झालं असतं, तर लिहून घेणारा कोण होता? तो जे लिहील तेच खरं. केस झाली की व्हिसा गेला. घराचं कर्ज अजून पाच वर्षांचं आहे."

वाचकहो, तो पोलीस वाईट नव्हता, आणि मुलगाही गुन्हेगार नव्हता. एक दिवा तेवढा बिघडला होता. मग नाडी १२४ का? या प्रश्नावर आम्ही पुष्कळ वाचलं आणि विचार केला. तो तुमच्यापुढे मांडतो आहोत.

पहिलं कारण बहरीनमध्येच आहे. २०११ सालच्या फेब्रुवारीत तिथे मोठी निदर्शनं झाली. मार्चमध्ये विशेष कायदा लागू झाला आणि रस्तोरस्ती तपासणीच्या चौक्या बसल्या. गाडी थांबवायची, नाव-गाव विचारायचं, आणि त्यावरून पुढचं ठरायचं, अशा तक्रारी झाल्या. जूनमध्ये राजे हमद यांनी एक चौकशी आयोग नेमला. महमूद शरीफ बसिउनी हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मोठे जाणकार त्याचे अध्यक्ष होते. २३ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांनी आपला अहवाल राजांसमोरच जाहीर केला. त्या दिवसांत ३५ माणसं मेली, त्यांत सामान्य माणसं होती आणि पोलीसही होते, असं त्यात लिहिलं आहे. पोलिसांनी गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं आणि कोठडीत छळ केला, हेही स्वच्छ लिहिलं. आणि जमावाने परदेशी मजुरांवर जे हल्ले केले तेही सोडलं नाही, त्यांचीही नोंद केली.

राजानेच नेमलेल्या आयोगाने राजाच्याच पोलिसांबद्दल असं लिहावं, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी वेगळं कार्यालय निघालं, २०१३ साली त्याचं काम सुरू झालं. ते कार्यालय पुरेसं स्वतंत्र नाही, असं मानवाधिकार संघटनांचं म्हणणं आहे. आमचा मुलगा तिथे गेला तो या सगळ्यानंतर. पण जुन्या ड्रायव्हरांनी त्याला सगळं सांगितलेलं. हात स्टिअरिंगवर ठेवायला त्यांनीच शिकवलं. भीती अशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि चांगला पोलीस समोर आला तरी ती जात नाही.

आता दुसरं. त्या मुलाचं "लिहून घेणारा कोण होता?" हे वाक्य आम्हाला का लागलं, त्याचं कारण आमच्याच आयुष्यात आहे. हे आम्ही आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही नर्सिंगच्या विद्यार्थिनी होतो. कॅज्युअल्टीत रात्रपाळी. एका रात्री दोन हवालदार एका टेम्पोवाल्याला घेऊन आले. नो एंट्रीत गाडी घातली म्हणून अडवला होता. त्यातला एक हवालदार म्हणाला, "टेम्पोवरून पडला. लिहा, पडून मार लागला." डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे धावपळीत होते. आम्ही वीस-एकवीस वर्षांच्या पोरी. रात्रीचे अडीच वाजलेले. समोर खाकी कपडे. आम्ही नोट्समध्ये लिहिलं, "पडून मार लागला."

तो माणूस काही बोलला नाही. फक्त आमच्याकडे पाहिलं.

सकाळी सिस्टर आल्या. त्यांनी आमच्या नोट्स वाचल्या आणि विचारलं, "गुडघे खरचटले होते का?" नव्हते. "तळहात?" तेही नव्हते. "मग मार कुठे होता?" आम्ही सांगितलं, पाठीवर, आणि डाव्या हाताच्या कोपराखाली. "कसा दिसत होता?" आम्ही सांगितलं, लांब लांब, दोन-दोन लाल रेघा, मध्ये पांढरं.

सिस्टर खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अगं, पडणारा माणूस हात पुढे करतो, गुडघ्यावर येतो. पाठीवर रेल्वेच्या रुळांसारख्या दोन रेघा उठतात त्या काठीच्या. काठी जिथे बसते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना सरकतं, म्हणून मध्ये पांढरं राहतं. आणि कोपराखालचा मार म्हणजे त्याने डोकं वाचवायला हात वर केला होता. त्याला कोणी मारलं ते तुला ठाऊक नाही, म्हणून ते लिहायचं नाही. पण पडला हे तरी तुला कुठे ठाऊक होतं? जे दिसलं ते लिहायचं. जागा लिही, लांबी लिही, रंग लिही. बाकी कोर्ट बघेल."

चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारून, वेळ घालून, सही करून खाली नवीन लिहितात, ते त्यांनी दाखवलं. पण लिहिणार काय? पेशंटला पहाटेच घेऊन गेले होते. जखमा पुन्हा पाहता आल्या नाहीत. कागदावर राहिलं ते आमचं "पडून मार लागला" हेच. त्या माणसाचं पुढे काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. आज पन्नासहून जास्त वर्षं झाली, त्याची ती नजर आठवते.

पुढे बऱ्याच वर्षांनी भारताच्या सुप्रीम कोर्टाने जवळजवळ आमच्या सिस्टरचंच म्हणणं कायद्यात आणलं. पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू या गृहस्थांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल १९८६ साली सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. त्या पत्रालाच कोर्टाने अर्ज मानलं. डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. त्यात ११ नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा कागद जागेवर करायचा, त्यावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही. नातेवाइकाला कळवायचं. अटक झालेल्याने मागितलं तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या सगळ्या जखमा तपासून लिहायच्या, त्यावर त्याची आणि पोलिसाची दोघांची सही, आणि एक प्रत त्याच्या हातात. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी. कागदावरचे नियम आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर असतं ते आपण सगळे जाणतो. पण निदान मागायला हक्क तरी आला.

आता मागच्या दिव्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, दिव्यासाठी कोण मारतं? ऐका.

अमेरिकेत नॉर्थ चार्ल्सटन नावाचं शहर आहे. ४ एप्रिल २०१५ रोजी तिथे वॉल्टर स्कॉट या पन्नाशीच्या काळ्या गृहस्थाला पोलिसाने थांबवलं. कारण काय, तर गाडीचा ब्रेकचा दिवा बंद! तो घाबरून पळाला. पोलिसाने पाठीमागून गोळ्या घातल्या, तो मेला. त्याने माझं विजेचं हत्यार हिसकावलं, मला जिवाची भीती वाटली, असं पोलिसाने सांगितलं, आणि सुरुवातीला तेच सगळीकडे छापून आलं. तीन दिवसांनी एका वाटसरूने मोबाइलवर घेतलेलं चित्रण बाहेर आलं. त्यात पळणारा निःशस्त्र माणूस आणि त्याची पाठ दिसत होती. २०१७ साली त्या पोलिसाला २० वर्षांची शिक्षा झाली. तो वाटसरू त्या वेळी तिथून जात नसता तर? आमच्या टेम्पोवाल्यासारखाच एक कागद राहिला असता.

७ जानेवारी २०२३ च्या रात्री मेम्फिस शहरात टायर निकोल्स नावाच्या २९ वर्षांच्या मुलाला गाडी बेफाम चालवतो म्हणून थांबवलं आणि पाच पोलिसांनी इतकं मारलं की तीन दिवसांनी तो गेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात झटापट झाली एवढंच होतं. चित्रण जाहीर झालं तेव्हा खरं कळलं. बेफाम चालवत होता याचाही पुरावा सापडला नाही, असं पोलीस प्रमुखांनीच सांगितलं. मारणारे पाचही जण त्याच्याच वर्णाचे होते, म्हणजे नुसत्या रंगाने सगळं उलगडत नाही. आम्हा नर्सांना मात्र एक गोष्ट जास्त लागली. मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या तिघांना नोकरीवरून काढलं, कारण त्यांनी त्या मुलाची वेळेवर नीट तपासणी केली नाही. तो जमिनीवर पडला होता आणि मिनिटं जात होती. पुढे खटल्यांचे निकाल उलटसुलट लागले. २०२५ साली राज्याच्या न्यायालयातून तिघे पोलीस निर्दोष सुटले.

यातूनच मोठा वाद उभा राहिला, आणि तो फक्त अमेरिकेचा नाही. क्षुल्लक बिघाडासाठी हत्यारबंद पोलिसाने रस्त्यात गाडी थांबवावीच कशाला? फिलाडेल्फिया शहराने २०२१ साली कायदा केला की एखादा दिवा फुटला आहे, नंबरची पाटी नीट लावली नाही, असल्या कारणांसाठी गाडी थांबवायची नाही, दंडाची चिठ्ठी पाठवायची. मेम्फिसनेही २०२३ मध्ये निकोल्सच्या नावाने तसाच नियम केला. पण राज्य सरकारला तो पटला नाही, २०२४ मध्ये वरून कायदा करून त्यांनी तो रद्द केला. रद्द करणाऱ्यांचंही म्हणणं आहे. साध्या दिव्यासाठी थांबवलेल्या गाडीत कधी दारू प्यायलेला ड्रायव्हर सापडतो, कधी चोरीचा माल, कधी बंदूक. पोलिसाचे हात बांधले तर रस्ते सुरक्षित राहतील का?

ही दुसरी बाजू आम्ही हलकी मानत नाही. मुंबईचे वाहतूक पोलीस विलास शिंदे यांची आठवण बऱ्याच जणांना असेल. ऑगस्ट २०१६ मध्ये खारला एका पेट्रोल पंपाजवळ त्यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं. त्या मुलाने मोठ्या भावाला बोलावलं. त्याने शिंद्यांच्या डोक्यात काठी घातली. ३१ ऑगस्टला ते रुग्णालयात गेले. हातात पावती पुस्तक घेऊन उन्हापावसात उभा राहणारा माणूस, त्यालाही घर होतं. रस्त्यात गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला समोर कोण बसलंय ते माहीत नसतं. त्याचीही नाडी कोणी मोजली तर आपल्यापेक्षा फार कमी भरेल असं वाटत नाही.

आणि त्याच हेल्मेटवरून उलट टोकाचंही घडलं. ७ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत तिरुची शहराजवळ एक नवराबायको मोटारसायकलवरून जात होते. हेल्मेट नव्हतं, गाडी थांबली नाही. एका इन्स्पेक्टरने पाठलाग केला आणि चालत्या मोटारसायकलला लाथ मारली. बायको, उषा तिचं नाव, खाली पडून जागीच गेली. हजारो लोक रस्त्यावर उतरले. हेल्मेटचा नियम कशासाठी? डोकं वाचावं म्हणून. त्या नियमासाठीच डोकं फुटलं.

महाराष्ट्रात आता ई-चलान आहे. कॅमेरा किंवा पोलीस फोटो काढतो आणि दंड मोबाइलवर येतो. त्याच्याही तक्रारी आहेत, चुकीच्या माणसाला दंड जातो, लोक भरतही नाहीत. पण फोटोने कोणाच्या पाठीवर रुळांसारख्या रेघा उठत नाहीत, आणि पोलिसाच्या डोक्यातही काठी बसत नाही. आमचं मत विचाराल तर दिव्याचा बिघाड दिव्यापाशीच संपावा.

आता काही वाचक म्हणतील, बाई, हे अमेरिकेचं आणि तिरुचीचं झालं, आपल्याला काय? तर आपल्याच देशातलं घ्या. २६ एप्रिल २०१५, होलोन. एका संशयास्पद वस्तूमुळे पोलिसांनी रस्ता बंद केला होता. दमास पकादा नावाचा इथिओपियन घरातला तरुण सैनिक तिथे सायकल घेऊन उभा होता. अंगावर इस्राएलच्या सैन्याचा गणवेश! पोलिसाने त्याला ढकलून खाली पाडलं आणि मारलं. नंतर पकडलं कोणाला? त्यालाच, पोलिसावर हल्ला केला म्हणून. जवळच्या एका कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, म्हणून तो सुटला. जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये मोठी निदर्शनं झाली, राबिन चौकात दगड उडाले, अश्रुधूर झाला, पोलीस आणि निदर्शक दोन्हीकडचे जखमी झाले. पोलिसावर मात्र खटला भरला गेला नाही.

मग सरकारने न्याय मंत्रालयाच्या महासंचालक एमी पालमोर यांची समिती नेमली. इथिओपियन बांधवांना भेदभावाने वागवलं जातं, पोलिसांकडूनही, हे त्या समितीने २०१६ साली मान्य केलं आणि उपाय सुचवले. आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी संशय असल्याशिवाय रस्त्याने जाणाऱ्याला ओळखपत्र मागायचं नाही.

आमचा नातू आपल्यासारखाच सावळा आहे. सैन्यातून सुटीवर घरी येताना एकाच आठवड्यात त्याला दोनदा अडवून ओळखपत्र मागितलं. त्याच्याबरोबरच्या गोऱ्या मित्राला एकदाही नाही. घरी येऊन तो हसत सांगत होता. आम्हाला काही हसू आलं नाही. आपली मंडळी या देशात आली तेव्हा रंगावरून काय काय ऐकावं लागलं आणि १९६४ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी जेरुसलेममध्ये धरणं का धरलं, हे ज्येष्ठांना सांगायला नको. तेव्हा पकादाच्या घरच्यांचं दुःख हे परक्याचं दुःख, असं निदान आपण तरी म्हणू नये.

आता बालमित्रांनो, आणि लायसन काढणाऱ्या नातवंडांनो, तुमच्यासाठी. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना आजी-आजोबांनी हिब्रूत सांगावं.

पोलिसाने हात दाखवला तर थांबायचं. पळायचं नाही, कितीही घाबरलात तरी. उजेडाची जागा जवळ असेल तर सावकाश तिथे घ्यायची. आतला दिवा लावायचा, हात दिसतील असे ठेवायचे. कप्प्यात किंवा खिशात हात घालण्याआधी सांगायचं, कागद काढतो आहे. रस्त्यावर हुज्जत घालायची नाही. दंड चुकीचा वाटला तर नंतर अर्ज करता येतो.

पोलिसाच्या छातीवरचं नाव पाहायचं. दिसत नसेल तर नम्रपणे विचारायचं. इस्राएलमध्ये विचारलं तर सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. वेळ, जागा, गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा आणि त्याच रात्री लिहून ठेवायचं. उद्यावर टाकलं की निम्मं विसरतं. दुसऱ्या कोणाला अडवलेलं दिसलं तर मध्ये पडायचं नाही, पण लांब उभं राहून पाहायचं. पाहणारं कोणी आहे हे कळलं की दोन्ही बाजूंचे हात आवरतात. चित्रण करण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अस्करला जे चालणार नाही ते इथे चालतं, तेव्हा त्या त्या देशाचं विचारून घ्यावं.

आणि देव न करो, पण मार लागलाच तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. उद्या नाही, आजच. मुका मार आज लाल असतो, दोन दिवसांत निळा-काळा होतो, मग हिरवा, मग पिवळा. पण नुसत्या रंगावरून मार कधीचा ते खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टरना सांगायचं, प्रत्येक जखम लिहा, कुठे आहे, किती सेंटिमीटर आहे. फोटो काढताना शेजारी एक शेकेलचं नाणं ठेवा, म्हणजे आकार समजतो. पोलिसांविरुद्धची तक्रार घेण्यासाठी न्याय मंत्रालयात १९९२ सालापासून 'माहाश' हा वेगळा विभाग आहे. तिथे केलेल्या सगळ्या तक्रारींना न्याय मिळतो असं नाही. पण कागद नसेल तर सुरुवातच होत नाही.

आमच्या नर्स भगिनींना वेगळं काय सांगणार? आपल्या समाजाच्या किती मुली मुंबईत आणि इथे रुग्णालयांत राबल्या. आता त्यांच्या मुली-नाती त्याच कामात आहेत. पेशंटबरोबर खाकी कपडे आले, निळे आले, नाहीतर कोणी साहेब आले, तरी हातातला कागद पेशंटचा असतो. जे दिसलं ते लिहा. पोलीस जखमी होऊन आला तर त्याचंही तसंच लिहा, एक सेंटिमीटर कमी नाही, जास्त नाही. जे दिसलं नाही ते कोणीही सांगितलं तरी लिहू नका. आम्ही एकदा लिहिलं, आणि ती ओळ खोडायची वेळ निघून गेली.

अस्करच्या त्या मुलाचा परवा फोन आला होता. तो दिवा त्याने दुसऱ्याच दिवशी बसवून घेतला होता. आमच्या सांगण्यावरून त्याने गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. पोलिसाने थांबवलं की नंतर त्यात तारीख, वेळ, जागा आणि काय बोलणं झालं ते लिहितो. आतापर्यंत चार नोंदी आहेत. आम्ही विचारलं, काय लिहिलंस? म्हणाला, "आजी, चारही वेळा नीट बोलले. एकदा तर पाण्याची बाटली दिली, उन्हाळा होता. तेही लिहिलंय."

"शाब्बास," आम्ही म्हटलं. "आणि नाडी?"

"ती आता तुम्ही आलात की मोजा."

वाचकहो, आपल्यापैकी कोणाला, इथे, हिंदुस्थानात किंवा आणखी कुठे, रस्त्यात पोलिसांनी अडवल्याचा बरावाईट अनुभव आला असेल तर आमच्याकडे लिहून पाठवा. चांगला अनुभवही पाठवा. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा. आणि आज संध्याकाळी गाडी काढण्याआधी मागे जाऊन दोन्ही दिवे लागतात का, तेवढं बघा.